चढता न आलेली भिंत

मित्रांनो, पूर्व नेपाळातल्या इलामच्या डोंगरातल्या एका लहानशा तळ्यात जन्मलेली मी एक म्हातारी सॅलॅमँडर. दिसते सरड्यासारखी, पण गोत माझं बेडकांचं. अंग काळपट, पाठीवर फोडांच्या रांगा, चाल संथ.

माझी शेजारीण झाडबेडकी. तिचं सारंच निराळं. ती पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं घरटं टांगते. मी एकेक अंडं गवताच्या पात्याला चिकटवते. तिचा नवरा ओरडला की गावभर ऐकू जातं. मी मुकी, मी इथे आहे हे कित्येकांना ठाऊकही नाही. खोटं कशाला बोलू, फेसातून पाण्यात पडलेली तिची काही पिल्लं मी खाल्लीसुद्धा.

पावसाळा पाण्यात काढायचा नि हिवाळा कुजक्या ओंडक्याखाली, असं माझं आयुष्य. एका हिवाळ्यात मी झोपेत असताना गावातल्या धनहाङ लिंबू नावाच्या माणसानं तळ्याला सिमेंटची उभी भिंत घातली. गावानं त्याचं कौतुक केलं. आषाढात मी नेहमीच्या वाटेनं आले आणि थेट खाली कोसळले. तरी अंडी घातली. पिल्लंही झाली.

दसैंचा, म्हणजे दसऱ्याचा, सण जवळ आला, पाणी ओसरलं, जमिनीवर परतायची वेळ झाली. झाडबेडकी भिंत चढून निघून गेली. मी चढे आणि घसरे. माझी पिल्लं भिंतीशी धडपडून दमली आणि एकेक करून मेली.

गवताचा भारा घेऊन जाणारी याहाङमा तिथं थबकली. तिनं धनहाङला, आपल्या दिराला, हाक मारली.

"भावजी, तुमच्या भिंतीनं लेकरं मारली बघा!"

"बेडूक चढतोच की, वहिनी. यांनाच काय धाड भरलीय?"

"बेडकाच्या बोटांना चिकटायला गाद्या असतात. तुमच्या बोटांना आहेत? उतरा आत, आणि या चढून!"

धनहाङ हसत उतरला. शेवाळावरून घसरला. पुन्हा चढू लागला, पुन्हा घसरला. मग त्याचं हसू मावळलं. याहाङमानं भाऱ्याचा पट्टा खाली सोडून त्याला वर ओढलं. वर येताना त्यानं माझं एक मेलेलं पिल्लू तळहातावर आणलं होतं. 

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्याच भिंतीची एक बाजू फोडली आणि तिथं दगडमातीचा उतार केला. त्यावरून मी वर आले. माझ्यामागून दोनच पिल्लं आली.

मित्रांनो, तळं सजवायचं तर खुशाल सजवा. पण ज्याला ओरडता येत नाही, चढता येत नाही, त्याच्यासाठी एक काठ मातीचा राहू द्या.