येसराच्या जोडीला

ज्या बाईनं अख्ख्या गावाची बाटली आडवी केली, तिच्याच स्वयंपाकघरात भरदुपारी तिच्या लेकीनं तीन बाटल्या उभ्या करून ठेवल्या होत्या. बापाच्या वळणावर लेक गेली म्हणायला गावाला एवढं पुरलं असतं.

पालमजवळच्या त्या गावात धुरपताबाईला लोक पाठीमागं बाटलीबाई म्हणत. नाव ऐकून परगावचा माणूस भलताच समज करून घेई, पण गोष्ट उलटी होती. नवरा मुंजाजी दारूपायी गेला आणि मग तिनं गावातलं देशीचं दुकान बंद करायचं मतदान लावून धरलं. त्या मतदानात दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मत फक्त बायांनी द्यायचं. शेजारच्या सरजाबाईला सोबत घेऊन धुरपताबाई दारोदार हिंडली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना हात आडवा करून दाखवला, आणि दुकानाला कुलूप लागलं. त्या दिवसापासून दारूच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या भावानं, भुजंगनं, स्वतःच्या पोरीच्या लग्नात दोन घोट घेतले, तर ही आहेराची पिशवी उचलून मांडवातून उठली ती उठलीच. अजून राखीला भाऊ ओट्यावर येऊन बसतो, आतून पाण्याचा तांब्यासुद्धा येत नाही, आणि बिचारा उठून फाट्याकडं चालू लागतो.

राजेश्रीनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून नाशिकच्या नोकरीबद्दल तिनं घरी एवढंच सांगितलं होतं, की द्राक्षाच्या रसाची कंपनी आहे. खोटं नव्हतं ते. रसच असतो, पुढं तो टाक्यांमध्ये आंबतो, मुरतो आणि त्याची वाईन होते, एवढं शेपूट तिनं कापून ठेवलं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकलेली पोर रसाच्या कंपनीत लागली, यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. धुरपताबाई तर गावभर सांगायची, माझी लेक लोकाला रस पाजती. ते ऐकलं की राजेश्री विषय बदलायची.

आता कंपनीत वाईन चाखून पारखणाऱ्यांमध्ये एक जागा निघाली होती. त्या विभागाच्या योगीराज सरांनी अट घातली, की प्रत्येकानं आपल्या गावाकडचा एक पदार्थ घ्यायचा आणि त्याच्या जोडीला कोणती वाईन शोभते ते कारणासकट सांगायचं. राजेश्रीनं बेधडक सांगून टाकलं, येसराची आमटी. भाजलेल्या डाळी, धने आणि खोबऱ्याच्या मसाल्याची ती काळपट, झणझणीत आमटी मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला लागतेच. पण नाशिकच्या खोलीत गॅसवर केलेल्या आमटीला आईच्या हातची चव येईना. चवच खरी नसेल तर जोडी कशाची जुळवायची? म्हणून दोन दिवसांची रजा काढून ती गावी आली. तीन बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी आडव्या घातल्या होत्या. सरांचा फोन आज संध्याकाळी यायचा होता.

लेकीनं तोंड उघडून मागितली म्हणून धुरपताबाईनं पहाटेच चूल पेटवून आमटी उकळली, भाकरी थापल्या आणि बचत गटाच्या कामाला पालमला गेली. ती उन्हं उतरल्यावर यायची. तेवढ्या वेळात काम उरकायचं होतं.

राजेश्रीनं पुढचं दार लोटलं. कडी घातली नाही. भरदिवसा कडी घातलेलं घर गावात उगीच डोळ्यांवर येतं. लाल वाईन पाटावर ठेवली, पांढऱ्या दोन ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या कडेला. पहिलं झाकण कट्कन उघडलं आणि त्या आवाजानंच तिनं दाराकडं वळून पाहिलं.

तिची नजर आपोआप फळीवर गेली. फळीच्या कोपऱ्यात एक पितळी पेला पालथा होता. त्यावर नाव कोरलेलं, मुंजाजी. बाप त्यातूनच घ्यायचा. तो गेल्यावर धुरपताबाईनं पेला मोडीत दिला नाही आणि पाण्यालाही घेतला नाही. दिवाळीला सगळ्या भांड्यांबरोबर तो चिंचेनं घासायचा आणि परत पालथा घालायचा, एवढीच त्याची सेवा. बाप जिवंत होता तेव्हा आई रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "हा करा." बाप तोंड उघडून श्वास सोडायचा, आईचं नाक जवळ जायचं. पकडला गेला की बापाचं ठरलेलं उत्तर, दाढ दुखायली, निस्ती गुळणी केली. ती मेली दाढ तो मरेपर्यंत काही दुखायची थांबली नाही.

राजेश्रीनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला आणि वाटीतली लाल वाईन तोंडात घेतली. जिभेवर घोळवली, मोरीत थुंकली. जमलं नाही. लाल वाईनच्या तुरटपणानं तिखट भडकलं आणि भाजलेलं खोबरं कडू लागायला लागलं. दोघी जावा एका चुलीशी भांडाव्यात तसं. पहिली पांढरी घेतली. ती आंबट, कोरडी. आमटीसमोर अगदीच पाणचट झाली. मोरीत तांब्याभर पाणी ओतून ती तिसरी बाटली उघडायला वळली, आणि पुढचं दार करकरलं.

विरजण मागायला सरजाबाई आली होती. आली ती थेट चुलीपर्यंत. बाटली लपवायला वेळच मिळाला नाही. हे काय ग, असं तिनं विचारलं, आणि राजेश्रीच्या तोंडातून जे पहिलं आलं ते बाहेर पडलं, की द्राक्षासव आहे.

द्राक्षासव म्हणजे मेडिकलात मिळणारं भूक वाढवायचं औषध, ते सरजाबाईला चांगलं ठाऊक होतं. तिला महिनाभर अन्न पचत नव्हतं. तिनं पदर सावरून बैठक मारली आणि जराशी ओत म्हणाली. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर पाप. राजेश्रीनं वाटीच्या तळाशी थोडी ओतली. सरजाबाईनं डोळे मिटून एका दमात घेतली, ओठ पुसले, मेडिकलवाल्यापेक्षा तुमच्या कंपनीचं लय बेस म्हणून सर्टिफिकेट दिलं आणि विरजण विसरून निघून गेली.

राजेश्रीनं ती वाटी दोनदा धुतली. आडव्या बाटलीसाठी जिनं आईबरोबर चपला झिजवल्या, त्या बाईला तिनं आईच्याच घरात दारू पाजली होती. मामाला निदान ओटा तरी मिळतो, हे कळलं तर आपल्याला तोही मिळायचा नाही. तिला रडू यायला लागलं. सगळं मोरीत ओतून द्यावं आणि सरांना फोनवर जमलं नाही म्हणून सांगावं, असं मनात आलं. पण आलेच आहे तर एकदा बघू, या हट्टानं तिनं आमटीचा घास घेतला आणि तिसरी वाईन तोंडात धरली.

तिखट होतं तसंच राहिलं, फक्त त्याची आग बसली. मागून धन्यांचा वास वर आला, मग खोबऱ्याचा. तिला एका क्षणात आईचं पहाटेचं स्वयंपाकघर आठवलं. हीच ती, हे तिला कळलं, आणि आनंदात ती थुंकायला वळली. मोरीशेजारच्या मागच्या दारात आई उभी होती.

काम लवकर उरकून आलेल्या धुरपताबाईला फाट्यावर उतरल्या उतरल्या सरजाबाई भेटली होती. तिनं तोंडाजवळ तोंड आणून लेकीच्या औषधाचं कौतुक केलं होतं. ज्या नाकानं आयुष्यातल्या निम्म्या संध्याकाळी एकाच वासाच्या धास्तीत काढल्या, त्याला आणखी काही सांगायला लागलं नाही. ती रस्ता सोडून परसातून आली होती.

राजेश्रीनं तोंडातली वाईन मोरीत टाकली. आईनं पिशवी खाली ठेवली, जवळ आली.

"हा कर."

राजेश्रीनं तोंड उघडलं. श्वास सोडला. आईचं नाक जवळ आलं आणि मागं गेलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त भयंकर होतं.

"रस म्हणायलीस ते हेच का?"

"हेच."

"किती घेतलीस?"

"घेतली न्हाई, आई. तोंडात धरली अन् थुंकली. चव बघायचं काम हाय माझं. गिळली तर पुढच्या बाटलीची चव कळत न्हाई."

धुरपताबाई हसली. तसं कडू हसणं राजेश्रीनं मामाच्या मांडवातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"तुझा बापबी गुळणीच करायचा," ती म्हणाली.

खरं बोलावं तर ते बापाच्या खोट्यासारखंच ऐकू येत होतं. राजेश्रीनं मग सगळंच सांगून टाकलं. कंपनी, टाक्या, चाखायची जागा, येसराची आमटी, संध्याकाळचा फोन, आणि सरजाबाईची वाटीसुद्धा. धुरपताबाई ऐकत होती की नाही कोण जाणे. सांगून संपलं तशी ती उठली. फळीपाशी गेली, हात वर केला आणि पालथा पेला काढला.

"माझ्यादेखत घे," ती म्हणाली. "अन् यात थुंक."

राजेश्रीनं वाटीत घोटभर ओतली. कंपनीत दिवसभर ती हेच करायची, पण आता समोर आई होती. एक थेंब जरी आत गेला तरी आईला कळणार, आणि न गेला तरी आई मानेल याचा भरवसा नव्हता. तिनं वाईन तोंडात घेतली. आई तिच्या गळ्याकडं बघत होती, एकटक. गिळायची ओढ लागली, नळी हलू पाहत होती. राजेश्रीनं डोळे मिटून ती थोपवली आणि मग वाकून बापाच्या पेल्यात सगळं सोडून दिलं.

धुरपताबाईनं पेला उचलला, दाराच्या उजेडात नेला, तिरपा करून पाहिला. वाटीतलं सगळं पेल्यात आलं होतं. मग उंबऱ्यावरच बसली, आणि लेकीनं जन्मात पाहिलं नव्हतं तशी पदर तोंडाला लावून रडली.

"एवढंच करायचं होतं त्यानं," ती म्हणाली. "निस्तं थुंकायचं होतं."

राजेश्री तिच्या शेजारी बसली. आईच्या पाठीवर हात ठेवायचा धीर मात्र तिला झाला नाही. उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला. योगीराज सरांचं नाव दिसत होतं. ती उचलेना, तेव्हा धुरपताबाईनंच डोळे पुसून विचारलं, की मग माझ्या आमटीला कोणती लागते. राजेश्री म्हणाली, ही पांढरी, गोडसर. ही तुझ्या तिखटाला दाबत नाही, शेजारी बसून घेते. मग तिनं फोन उचलला आणि सरांनाही तेच सांगितलं, जरा शहरी शब्दांत. सर खूश झाले. तुझ्या आमटीत काय काय असतं ते लिहून पाठव म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा आई पेला घासत होती.

"एक सांग," ती पाठमोरीच म्हणाली. "तू थुंकतीस. जे इकत घेत्यात, ते थुंकत्यात का?"

राजेश्री म्हणाली, "न्हाई."

धुरपताबाईनं मान हलवली. रागावली नाही आणि माफही केलं नाही. त्या बाटल्या आधी आडव्या कर म्हणाली, या घरात उभी बाटली चालत नाही. आमच्या कंपनीतबी बाटल्या मुरायला आडव्याच ठेवतात, असं राजेश्रीच्या ओठावर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि झाकणं घट्ट लावून बाटल्या साडीत गुंडाळल्या. सरजाबाईला काही सांगायचं नाही, तिचं द्राक्षासव द्राक्षासवच राहू दे, असंही ठरलं.

सकाळी एसटीला जाताना बॅग जड लागली. राजेश्रीनं चेन उघडली. येसराच्या मसाल्याच्या पुडीशेजारी पितळी पेला होता, उजळ घासलेला. तिनं आईकडं पाहिलं.

"कामाला बसलीस की म्होरं ठीव," धुरपताबाई म्हणाली. "आधी नाव वाच. मग थुंक."