झेंड्यावरचं माणूस

वहिनींना हातावर हात ठेवून बसलेलं माणूस बघवत नसे. घरात कुणी नुसतं उभं दिसलं की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची, आणि मग त्या उभ्या माणसाच्या हातात झाडू, वाळलेले कपडे, नाहीतर निवडायची भाजी तरी पडायचीच. पाहुणेसुद्धा त्यातून सुटत नसत. अशा बाईच्या पोटच्या पोरीनं दिवसभर नुसतं उभं राहायची नोकरी धरावी, याला काय म्हणावं!

नोकरी हायवेच्या दुरुस्तीच्या टोळीत होती. काम चालू असताना टोळीतलं एक माणूस झेंडा आणि शिट्टी घेऊन येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभं राहतं. बाकीच्यांची पाठ गाड्यांकडे असते आणि मान कामात खुपसलेली असते. एखादी गाडी लेन अडवायला मांडलेले प्लास्टिकचे कोन उडवत आत घुसतेय असं दिसलं, की त्या माणसानं शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी मिळेल त्या बाजूला उडी टाकायची. टोळीच्या भाषेत याला झेंड्यावर असणं म्हणतात.

वहिनींचे यजमान याच टोळीत होते आणि याच रस्त्यावर गेले. लेक तेव्हा शाळेत होती. मोठी झाल्यावर तिनं बापाच्याच टोळीत जायचं ठरवलं, तेव्हा वहिनींनी आधी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं आणि शेवटी हट्टच सोडला. पोरगी त्यांच्याहून हट्टी निघाली, दुसरं काय! तिथे जाऊन तिनं झेंड्याचीच जागा मागून घेतली. का, ते ती कुणाला सांगत नसे.

कामावर गेलेल्यांच्या आठवणीत टोळी दरवर्षी एक कार्यक्रम करायची. रस्त्याच्या कडेची एक लेन बंद करायची, तिथे कोनांची रांग लावायची आणि गेलेल्या प्रत्येकाचं हेल्मेट एकेका कोनावर ठेवायचं. समोर खुर्च्यांवर घरची माणसं, ट्रक-बसचे ड्रायव्हर आणि पुढच्या रांगेत साहेब. वहिनींच्या यजमानांबद्दल कुणीतरी दरवर्षी बोलायचं, आणि शब्द अगदी ठरलेले असायचे. "दादा म्हणजे मदतीला धावणारा माणूस. जातानाही मदत करतच गेला." त्या एका वाक्यावर वहिनींनी इतकी वर्षं काढली होती. डोळ्यांना पाणी यायचं, पण मान ताठ राहायची.

यंदा टोळीच्या मुकादमांनी त्यांनाच बोलायचा आग्रह केला. वहिनी आरशासमोर उभ्या राहून तयारी करू लागल्या, आणि पहिल्याच वाक्याला अडल्या. मदतीला धावले, पण कुणाच्या? कशासाठी? हे आपण कधी धड विचारलंच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणून आदल्या दिवशी त्या थेट कामावर जाऊन थडकल्या.

"वहिनी, इथे कुठे आलात? फोन करायचा ना," मुकादम म्हणाले.

"फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि ठेवून देता, भाऊजी. मला सगळं नीट ऐकायचंय."

मुकादमांचा चेहरा जरा उतरला, पण वहिनींचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्यांनी वहिनींना चमकणारं जॅकेट चढवलं, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं केलं. "इथून हलायचं नाही हं. एवढं डांबर पसरून होऊ दे, आलोच मी."

वहिनी बघत उभ्या राहिल्या. समोर टोळीतला पैलवान एकटाच एका सिमेंटच्या ठोकळ्याशी झटत होता. अंगानं हा माणूस अगदी काटकुळा आणि आता वयानंही वाकलेला, पण टोळीला टोपणनावं द्यायची हौस दांडगी. तो पहारीनं ठोकळा सरकवायला बघत होता आणि ठोकळा ढिम्म हलत नव्हता. आणि तिथून थोड्याच अंतरावर लेक, चांगली धडधाकट, हातात झेंडा घेऊन त्याच्याकडे पाठ करून उभी!

तेवढ्यात पलीकडच्या लेनमधून जाणाऱ्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा मरतोय तिकडे, आणि ही बघा, उभं राहायचा पगार खातेय!"

वहिनींची कानशिलं तापली. लाज वाटली ती वाटलीच, वर त्या माणसाचं म्हणणं आपल्याला पटतंय, याचा जास्त संताप आला.

"अगं ए," त्यांनी आवाज चढवला, "हात लाव ना त्यांना जरा! दिसत नाही का तुला?"

लेकीनं मान वळवली नाही.

"तुझ्याशी बोलतेय मी! बापाचं नाव काढणार आहेस की नाही?"

लेकीचे खांदे थोडे आखडले. पाय जागचे हलले नाहीत. मग वहिनींनी बाह्या सरसावल्या, मुकादमांचं सांगणं खुंटीला टांगलं आणि कठडा ओलांडून स्वतःच ठोकळ्याला हात घातला.

शिट्टी वाजली.

पैलवानानं पहार टाकली, वहिनींचा दंड धरला आणि त्यांच्यासकट कठड्यापलीकडे झेप घेतली. एक पांढरी गाडी धडाधड कोन उडवत आली, ठोकळ्याला घासत पुढे गेली आणि वाकडी होऊन थांबली. आतून एक तरुण उतरला. त्याच्या हातातला फोन अजून चालूच होता आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. वहिनींचं कोपर सोलवटलं, यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

लेक अजूनही येणाऱ्या गाड्यांकडेच बघत होती. दुसऱ्या एकानं धावत येऊन तिच्या हातातला झेंडा घेतला, तेव्हा कुठे ती वळली, आईजवळ आली आणि तिच्या शेजारी बसली.

"मला जाता आलं असतं गं पैलवानकाकांकडे," ती म्हणाली. "बाबा गेले होते."

"म्हणजे?"

मुकादमांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "वहिनी, त्या दिवशी झेंड्यावर दादाच होता."

वहिनी कठड्याचा आधार घेऊन उठून बसल्या.

"पैलवान असाच ठोकळ्याशी झटत होता. दादाला बघवलं नाही. झेंडा कठड्याला टेकवला आणि आला हात द्यायला. गाडी आली तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. पैलवान ठोकळ्याच्या आड होता म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्यात नियमच आहे, झेंड्यावरच्या माणसानं दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही सगळे दरवर्षी माझ्या तोंडावर खोटं बोलत होतात?"

"खोटं नाही हो. मदतीला धावला, हे खरंच. कुठली जागा सोडून धावला, तेवढं आम्ही बोललो नाही."

पैलवान खाली पडलेल्या पहारीकडे बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी घरी लेक आईच्या कोपराला औषध लावत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"कामाला लागायच्या आधीपासून. मुकादमकाकांनी सांगितलं. म्हणून तर झेंडा मागून घेतला."

"मला नाही सांगावंसं वाटलं?"

"तुझ्याकडे बाबांचं तेवढं एकच तर वाक्य होतं, आई." लेकीनं पट्टी बांधली. "उद्या नेहमीचंच बोल. काही बिघडत नाही."

वहिनींना तेच हवं होतं. सगळ्यांसमोर उभं राहून आपल्याच माणसाची चूक सांगायची, तीही तो उत्तर द्यायला नसताना, हे त्यांच्यानं व्हायचं नव्हतं. पण डोळे मिटले की पैलवान आणि तो ठोकळा दिसायचा. उद्या कौतुक ऐकून कुणीतरी घरी जाईल, आणि परवा कुणीतरी झेंडा कठड्याला टेकवेल. आपल्या लेकीलाही कधीतरी बघवणार नाही. ती शेवटी त्याचीच पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनांवर हेल्मेटं मांडली होती. लेन बंद होती, म्हणजे तिथेही झेंड्यावर कुणीतरी हवंच. लेक खुर्च्यांच्या मागच्या टोकाला, सगळ्या कार्यक्रमाकडे पाठ करून उभी होती. वहिनी माइकसमोर आल्या तेव्हा त्यांना साहेब, ड्रायव्हर, टोळी आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे पोरीची पाठ दिसत होती.

"हे मदत करताना गेले, असं तुम्ही दरवर्षी ऐकता," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. पण तेव्हा झेंड्यावर तेच होते. मदत करायला त्यांनी झेंडा बाजूला ठेवला."

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. साहेबांनी मुकादमांकडे पाहिलं, मुकादमांनी जमिनीकडे.

"ते बेफिकीर नव्हते. दुसरा राबतोय आणि आपण उभे, याची त्यांना लाज वाटली. मलाही वाटली असती. काल मी माझ्या पोरीला सगळ्यांदेखत ओरडले, की जा, हात लाव. तिनं माझं ऐकलं असतं, तर ती आणि पैलवानभाऊजी आज या हेल्मेटांच्या रांगेत असते." त्यांचा आवाज फाटला. "ड्रायव्हरभाऊ, कोन दिसले की गाडी हळू घ्या. फोन बाजूला ठेवा. आणि झेंडा घेऊन कुणी उभं दिसलं, तर जाता जाता त्याला टोमणे मारू नका. त्याला उभं राहू द्या. माझा माणूस फार चांगला होता हो. माझ्या पोरीला तेवढं चांगलं व्हायला लावू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. पैलवान ढसाढसा रडू लागला. त्याला सावरायला दोघं-तिघं उठले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी पाणी मागितलं. एवढा गलका लेकीच्या पाठीमागे चालला होता आणि वहिनींची नजर मात्र तिच्यावर खिळली होती. तिचे खांदे गदगदत होते, ते इतक्या लांबूनही कळत होतं. समोरून गाड्या येतच होत्या. कुठल्याही आईला त्या क्षणी पोरीनं वळावं, धावत येऊन मिठी मारावी असं वाटलं असतं. वहिनींनी माइकची दांडी घट्ट धरली. वळू नकोस गं बाई, त्या मनातल्या मनात विनवत होत्या, वळू नकोस.

लेकीनं बाहीनं डोळे पुसले, झेंडा दोन्ही हातांनी धरला आणि रस्त्याकडे बघत राहिली.