वगळलेली सुरावट

संचालकाने हात वर केला आणि मंचावरच्या सगळ्या वादकांनी एकदम श्वास घेतला. रिकाम्या सभागृहात मागे एकटेच बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनीही नकळत घेतला.

आपली बायको संगीतकार आहे हे त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पण घरात कधी संगीताचा आवाज नसे. ती गुणगुणायचीसुद्धा नाही. टेबलाशी बसून पेन्सिलीने लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. घर इतकं शांत की बाईंची तब्येत बरी आहे ना, असं शेजारीण विचारून गेली होती. हिचं आपलं काहीतरी चाललेलं असतं, एवढंच डॉक्टर समजून होते. तिच्या छोट्या रचना त्यांनी ऐकल्या होत्या. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदासाठी तिने लिहिलेली ही पहिलीच, आणि आज तिची पहिली तालीम.

हात खाली आला. चेलोंचे खालचे सूर जमिनीसारखे पसरले, त्यांवर पितळी वाद्यं उभी राहिली, आणि मग व्हायोलिनांनी अशी काही सुरावट उचलली की मागे ढोलाशी उभा असलेला धिप्पाड गडी चष्मा काढून डोळे पुसू लागला. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. मटार सोलताना, कपडे वाळत घालताना हे सगळं हिच्या डोक्यात वाजत होतं?

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली ती उठली. मंचापाशी जाऊन तिने सांगितलं, की ही सुरावट काढून टाकायची. संचालकाने कपाळाला हात लावला. सगळ्या रचनेचा जीव तिथे आहे, असं तो परोपरीने विनवत राहिला.

"म्हणूनच," ती म्हणाली. "लोक तिथेच रेंगाळतील. पुढे बासरी एकटी येते, ती कुणाच्या कानावरच पडणार नाही."

पुन्हा सुरुवात झाली. या खेपेस पितळी वाद्यं थांबली आणि त्या शांततेत बासरी आली. बारीक, जराशी बिचकलेली. वादकांपैकी कुणी हललं नाही. आपण श्वास रोखून धरला होता, हे डॉक्टरांना बासरी थांबल्यावर कळलं.

मध्यंतरात ती त्यांच्याकडे आली, तेव्हा ते चटकन उभे राहिले. वर्गात बाई आल्यावर मुलं राहतात तसे.

"उठलास कशाला? बस," म्हणत ती खुर्चीत टेकली.

ते बसले, पण मधली एक खुर्ची सोडून. असं का केलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती सरकून शेजारी आली आणि तिने त्यांचा हात धरला.

तिची बोटं गार पडली होती. "बासरी ऐकू आली ना रे?" तिने विचारलं.