पडद्यावरची ठाकरीण

कर्जतच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला, तशी पळसदरीच्या वरची अख्खी ठाकरवाडी दुपारपासूनच खाली उतरली. सगळ्यांच्या पुढे बायजा. त्या सिनेमात मी आहे, चांगली तोंडासकट आहे, असं सांगून सांगून तिने वाडीचे कान किटवले होते. आता ते तोंड दिसलं नाही, तर वाडीत ते लपवायला जागा उरणार नव्हती.

त्याचं असं झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबईची एक कंपनी खुनाबिनाचा सिनेमा काढायला पळसदरीला आली. गोष्टीतली नायिका ठाकरीण. पण आणली होती शहरातली नाजूक बाई, गोऱ्या गालांना काजळी फासून. तिला बोलायला छान जमायचं. अनवाणी उतारावरून धाव म्हटलं की मात्र पाऊल उचलेना. मग मोळी घेऊन चाललेल्या बायजाला थांबवलं आणि तिला त्या बाईचं लुगडं नेसवलं.

"खुनी मागे लागलाय. नुसतं पळायचं," कंपनीच्या साहेबांनी बजावलं. "मागे वळायचं नाही. तुझं तोंड दिसता कामा नये."

बायजा पळाली, आणि काय पळाली! पण वाटेत वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड होता. तो ओलांडला की मागे वळून हात जोडायचे, ही ठाकरांची जन्माची सवय. बायजाचे पाय आपोआप थांबले. ती वळली, तिने हात जोडले आणि मग पुन्हा धूम ठोकली.

साहेब कपाळाला हात लावून बसले. "अगं, खुनी मागे असताना कोणी पाया पडतं का?"

"म्हून तर पडले," बायजा म्हणाली.

लढाईमुळे फिल्मची मारामार. पुन्हा घ्यायला शिल्लकच नव्हती. "बघू, कात्रीनं उडवू," साहेब पुटपुटले. ही कात्रीची गोष्ट बायजाने वाडीला सांगितलीच नव्हती.

तंबूत वाडी पुढे जमिनीवर बसली, बाजारातली मंडळी मागे बाकांवर. त्यांत लाकडाच्या वखारीचा आबाजी होता. दर बाजाराला तो बायजाची मोळी घ्यायचा, "ए मोळीवाली, उतरव तिथं," म्हणायचा आणि मोळीकडेच बघायचा.

काजळीवाली बाई आली, गोड बोलली. बायजाचा नवरा पोशा कुजबुजला, "तू कुटं हायेस गं?" तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. तिला साहेबांची कात्री आठवत होती.

खुन्याने सुरा काढला. उतार आला. पाठमोरी बाई धावू लागली, आणि दगडापाशी वळली. दाराएवढं मोठं तोंड, कपाळावरच्या गोंदणासकट. बायजाचं तोंड! बायजाला आनंदाने रडूच फुटलं. पडद्यावर सुरा जवळ येत होता आणि ही आपली हात जोडून उभी.

"पळ गं बाय! थांबू नको!" आबाजी बाकावर उभा राहून ओरडला.

बायजा उठली आणि मागे वळली. मशीनचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

"पळते की, शेट," ती म्हणाली. "देवाला हात तं जोडू द्या."

आबाजीने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच विचारलं, "बाय, तुजं नाव काय गं?"