ठोकण्यास हरकत नाही

विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी सव्वीस वर्षं शिपाई आहे. किल्ल्या, दिवे, दारासमोरचा बर्फ आणि प्रबंधांना भोकं पाडणं ही माझी कामं. आमच्याकडे प्रबंध छापून आला की जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी तो विभागाच्या लाकडी फळ्यावर खिळ्याने ठोकावा लागतो. ज्याला चुका काढायच्या असतील त्याला वेळ मिळावा, हा हेतू. भोक मी पाडतो, डाव्या कोपऱ्यात. खिळा मात्र ज्याचा प्रबंध त्यानेच ठोकायचा. आजवर एकशे छत्तीस प्रबंधांना मी भोकं पाडली. एकही वाचला नाही. चुका काढायला फळ्यापाशी कुणी थांबलेलंही पाहिलं नाही.

एकशे सदतिसावा माझ्या बायकोचा होता.

बार्ब्रू नगरपालिकेत नकाशे काढायची. चोपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून तिने डॉक्टरेटला नाव घातलं. चार वर्षांचं काम सात वर्षं चाललं. आधी वर्ग होते. जागा म्हणजे काय, यावरच्या एका वर्गातून ती घरी आली आणि म्हणाली, "एवाल्ड, आपलं स्वयंपाकघर ही जागा नाही, ती एक प्रक्रिया आहे."

"मग आज भांड्यांची प्रक्रिया तू कर," मी म्हणालो.

काम अर्ध्यावर आल्यावरच्या चर्चासत्रात सगळे म्हणाले, विषय फार लहान आहे. तिने मोठा केला. शेवटच्या चर्चासत्रात तेच लोक म्हणाले, विषय फार पसरलाय. तिने परत लहान केला. यात दोन वर्षं गेली. मार्गदर्शक म्हणाला, आता काम परिपक्व झालं.

विषय साधा होता. आतल्या खेड्यांत रस्ता विचारला की लोक म्हणतात, "हे काय, थोडं पुढे." हे थोडं म्हणजे किती? बार्ब्रू विचारायची, लिहून घ्यायची. मग शनिवारी आम्ही दोघं तो रस्ता चालायचो. मोजणीचं चाक मी ढकलायचो, कारण तिचा खांदा दुखायचा. दोनशे बारा रस्ते मोजले. 'थोडं पुढे' सरासरी तीन किलोमीटर आठशे मीटर निघालं.

सतरा एप्रिल ही परीक्षेची तारीख ठरली. पुस्तक छापायला गेलं. फेब्रुवारीत एका मंगळवारी बार्ब्रू बूट घालायला वाकली आणि उठली नाही. दफनानंतरच्या आठवड्यात छापखान्याची दोन खोकी विभागात आली. ती मीच सही करून घेतली. खोकी घेणं माझंच काम आहे.

मार्चमध्ये तिच्या नावाने संगणकाचं पत्र आलं. डॉक्टरेटच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दरवर्षी आपली अभ्यास योजना सुधारून द्यावी लागते. बार्ब्रूची राहिली होती. तिचा पासवर्ड मला माहीत होता. 'प्रगतीतील अडथळे' या रकान्यात मी 'मृत्यू' असं लिहिलं. लगेच उत्तर आलं. अडथळा तात्पुरता असल्यास संपण्याची तारीख भरा. ती भरल्याशिवाय पान पुढे जाईना. शेवटी मी संगणकच बंद केला.

मग मी विभागप्रमुखाकडे गेलो. टोर्ब्योन माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. भला माणूस, पण नियमाला भितो.

"तिचं पुस्तक फळ्यावर लागायला हवं," मी म्हणालो. "दुसरं काही नको. पदवी नको, डॉक्टरेटची टोपी नको."

"अरे एवाल्ड, मला काय वाईट वाटत नाही का? पण ठोकणं म्हणजे परीक्षा होणार अशी जाहीर सूचना. परीक्षा तर होणार नाही. खोटी सूचना कशी लावू?"

"मग फळा कशासाठी आहे?"

"परीक्षेसाठी."

"आणि परीक्षा?"

"ती उमेदवाराने द्यायची असते," तो हळूच म्हणाला. "समितीपुढे ठेवतो. पुढची बैठक जूनमध्ये."

प्रबंधाच्या पहिल्या पानावर एक शिक्का असतो, 'ठोकण्यास हरकत नाही'. खाली विभागप्रमुखाची सही. बार्ब्रूच्या प्रतीवर शिक्का मारलेला होता. सहीची जागा कोरी होती. मी पुस्तक पुढे केलं. टोर्ब्योनने ते दोन्ही हातांनी मला परत दिलं.

सत्तावीस मार्चला, परीक्षेच्या बरोबर तीन आठवडे आधी, मी पुस्तकाला भोक पाडलं आणि ते माझ्या खोलीतल्या भिंतीवर अडकवलं. तिथे किल्ल्यांचा खिळा होता. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. माझी खोली दिवसभर उघडी असते. कुणी बल्ब न्यायला आलं, कुणी फावडं. टोर्ब्योन स्वतः तीनदा आला. एकदा म्हणाला, "किल्ल्या अशा पसरून नको ठेवू." भिंतीकडे कुणी पाहिलं नाही.

सतरा एप्रिलला सकाळी नऊ वाजता एक बाई बर्फातले बूट झटकत माझ्या खोलीच्या दारात आली. साठीची असावी, पाठीवर पिशवी.

"मी रागनहिल्ड. नॉर्वेहून. आजची विरोधक." प्रबंधावर हल्ला करायला बाहेरून जो परीक्षक बोलावतात त्याला आमच्याकडे विरोधकच म्हणतात. "बार्ब्रू कुठे भेटेल? आधी जरा हात मिळवावा म्हटलं. पुढे दोन तास मी तिला छळणार आहे."

तिला कुणी कळवलंच नव्हतं. मार्गदर्शकाला वाटलं टोर्ब्योन कळवेल. टोर्ब्योनला वाटलं कार्यालय कळवेल. कार्यालयाचं म्हणणं, नाव खोडलं की पत्र आपोआप जातं. नाव खोडायला योजना पूर्ण हवी होती. त्यामुळे सभागृहही राखून ठेवलेलं होतं आणि चाळीस जणांची कॉफीही येऊन पडली होती.

मीच सांगितलं. ती माझ्या स्टुलावर बसली.

"तुम्ही तिचे...?"

"नवरा. आणि इथला शिपाई."

"माझ्याकडे चौदा प्रश्न आहेत," ती म्हणाली. "हे मी कुणाला विचारू आता?"

दहा वाजता विभागातले सगळे नेहमीप्रमाणे कॉफीच्या खोलीत जमले. ते कधीच चुकत नाहीत. रागनहिल्डने दालचिनीचा पाव खाऊन संपवला. माफी मागून मागून टोर्ब्योन लाल झाला होता. मग तिने पिशवीतून कागद काढले.

"चाक कोण ढकलत होतं?"

"मी," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा. बर्फात मोजलं तेव्हा चाक घसरलं नाही?"

"घसरलं. म्हणून ते अकरा रस्ते मे महिन्यात पुन्हा चाललो. परिशिष्टात आहे म्हणे."

"आहे. आणि चढावर?"

"चढावर ती मागे राहायची. मी थांबायचो, चाक थांबायचं. आकडा तोच राहतो."

कुणीतरी हसलं. मार्गदर्शकाने कप खाली ठेवला. काही प्रश्न मला कळलेच नाहीत. जागा आणि प्रक्रियेवर तिने विचारलं तेव्हा मी भांड्यांची गोष्ट सांगितली. रागनहिल्ड म्हणाली, "याहून वाईट उत्तरं मी प्राध्यापकांकडून ऐकली आहेत." दोघा-तिघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मग ती म्हणाली, "शेवटचा प्रश्न. पान एकशे बारा. पुरुष, वय त्रेसष्ट, शिपाई. घरापासून कामाची जागा किती दूर असं विचारल्यावर म्हणतो, 'शेजारीच'. मोजलेलं अंतर, तीन किलोमीटर चारशे मीटर. ही नोंद तिने तक्त्यातून वगळली आणि खाली लिहिलं, 'माहिती देणारा विश्वासार्ह नाही.' का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पान मी वाचलं नव्हतं. कुठलंच वाचलं नव्हतं.

"आम्ही दोघं बरोबर चालत यायचो," मी म्हणालो. "सात वर्षं. ती वाटेत बोलत असायची. मला शेजारीच वाटायचं."

"आणि आता?"

"आता तीन किलोमीटर चारशे. नोंद घालायला हरकत नाही."

रागनहिल्डने कागदावर काहीतरी लिहिलं. मग टोर्ब्योनकडे वळली. "माझं समाधान झालं. पुस्तक कधीपासून लागलंय? परीक्षेआधी तीन आठवडे हवं ना तुमच्याकडे?"

"ते लागलंच नाही," टोर्ब्योन म्हणाला. "परवानगीच..."

"लागलंय," मी म्हणालो. "माझ्या खोलीत. सत्तावीस मार्चपासून. तू तीनदा त्याच्यासमोर उभा होतास."

टोर्ब्योन उठला आणि माझ्या खोलीकडे गेला. आम्ही सगळे त्याच्या मागे. भिंतीसमोर तो उभा राहिला, टेबलावरच्या किल्ल्यांकडे बघितलं, परत भिंतीकडे बघितलं. मग त्याने पुस्तक उतरवलं, पहिलं पान उघडलं आणि खिसे चाचपले. पेन मी दिलं. त्याने सही केली. तारखेची जागा मात्र कोरी ठेवली. सावध माणूस आहे.

"ही परीक्षा नव्हती, एवाल्ड," तो म्हणाला. "पदवी मिळणार नाही."

"ठाऊक आहे."

"जूनमध्ये समितीने विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, फळ्याची देखभाल शिपायाकडे असते."

फळ्यापाशी मी हातोडी घेतली. एकशे छत्तीस जणांना मी सांगत आलोय, खिळा सरळ धरा, पहिला ठोका हलका मारा. माझा पहिलाच ठोका जोरात बसला आणि खिळा वाकला. रागनहिल्ड म्हणाली, दुसरा घ्या. मी घेतला नाही. पुस्तक नीट बसलं होतं, जरासं डावीकडे झुकून.

आता घरून निघालो की तीन किलोमीटर चारशे मीटर चालून मी आधी फळ्यापाशी जातो आणि पुस्तक उघडून पान-दोन पानं वाचतो. नियमाप्रमाणे ते त्यासाठीच तिथे आहे. पान एकोणचाळीसवर आलोय. आतापर्यंत एक चूक सापडली. एका रस्त्यावर चाक तिने ढकललं असं लिहिलंय.