उत्तराबाईंची चिनी कलमं

उत्तराबाई गजभिये यांनी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज ठोकला, तो पोरगा सांभाळत नाही म्हणून नव्हे. तो सांभाळायला निघाला होता, हीच तर तक्रार होती.

रजत पुण्यात अकराव्या मजल्यावर राहायचा. आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. हाड जुळून आलं, तरी तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भूत: नागपूरचं घर बंद, आई पुण्याला. बाई नाही म्हणाल्या. तरी एक दिवस सामान हलवणारी माणसं येऊन फ्रिजचं माप घेऊ लागली. बाईंचं डोकं सणकलं. त्या माणसांना चहा पाजून वाटेला लावलं आणि स्कूटी काढून त्या थेट ज्येष्ठांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेल्या. हे गाव, ही माणसं, हे सकाळचे तर्रीपोहे सुटले की आपण गोळ्यांच्या वेळा पाळत नुसत्या बसून राहू, ही धास्ती त्यांना खरोखरच पोखरत होती.

तारखेच्या दिवशी समेट घडवायला कामिनी मॅडम बसल्या होत्या. रजतही पुण्याहून आला होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काकू, इथं लोक पोरं विचारत नाही म्हणून येतात. तुमचा तर न्यायले बसला आहे. मग तक्रार कायची?"

"आज्ञाभंगाची," बाई म्हणाल्या. सगळी नोकरी कॉलेजात चीनचा इतिहास शिकवण्यात गेलेली. गाडी तिकडे वळायला कितीसा वेळ? "तांग राजवटीत आईबापाची आज्ञा मोडली तर पोराले दोन वर्षं सक्तमजुरी होती. मी म्हटलं, येत नाही. यानं ऐकलं नाही. आता तुम्हीच पाहा."

"इथं तांग राजवट नाही ना, काकू."

"मले मालूम आहे. पण धाक तर बसला पाहिजे."

शेजारी बसलेल्या रजतने बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्या तांग कायद्याचं भाषांतर! बाई हरखल्याच.

"काय गा, हे तू विकत घेतलं?"

"घ्यावं लागलं. तू हेच काढशील, मले मालूम होतं. आता हे वाच. आईबाप जिवंत असताना पोरानं घराची नोंद वेगळी केली, तर तीन वर्षं. म्हणजे तुले एकटं ठेवलं तर तीन, अन् तुझी आज्ञा मोडली तर दोन. मी दोन घेऊन राहिलो."

कामिनी मॅडमनी तोंडावर फाइल धरली.

"पुढचं तर मजेदारच आहे, मॅडम. नोंद वेगळी करायले आईनंच सांगितलं असेल, तर पोरगा निर्दोष अन् आईले दोन वर्षं. माझं लग्न झाल्यावर रेशनकार्डावरून माझं नाव कोणी कटवलं, हिले विचारा."

बाईंना हसू फुटलं. पोराचा संसार मोकळा राहावा म्हणून त्या स्वतःच हौसेने रांगेत उभ्या राहिल्या होत्या. हे कलमही त्यांना तोंडपाठ होतं. अर्जात लिहायचं तेवढं सोयीस्करपणे राहिलं होतं.

"हसू नको, आई," रजतचा आवाज एकदम बदलला. "तू पडली, तर फोन मले शेजारच्यानं केला. तू नाही केला."

पोराला ताप नको म्हणून बाईंनी पडणं लपवलं होतं, आणि तोच ताप त्याने मनाला लावून घेतला होता. पण हार मानतील त्या उत्तराबाई कसल्या?

"गुन्हा कबूल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं कैद. माझ्याच घरात. अन् कैद्याले भेटायले घरच्यायनं दर महिन्याले यावं लागते, हे लिहा, मॅडम."

"दर महिन्याले सुट्टी कोण देईल मले?"

"मग दर पंधरा दिवसाले लिहा."

"महिन्याले, महिन्याले!" रजत घाईघाईने म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. मग पुन्हा कागद ओढून त्याने खाली स्वतःच्या हाताने एक अट घातली: काहीही झालं तरी आईने पहिला फोन मुलाला करायचा.

बाईंनी चष्मा पुसला, ती ओळ वाचली, आणि एकही चिनी कलम न काढता सही केली.