वीबेच्या सायकलचे दिवे

म्हाताऱ्या माणसाची सायकल काढून घेणारा कायदा कुठेच नव्हता. वीबेच्या बायकोने, हिस्केने, सगळीकडे विचारून पाहिलं होतं. वीबेचा मोटारीचा परवाना डॉक्टरांच्या एका चिठ्ठीने रद्द झाला, पण सायकलला मुळात परवानाच लागत नाही. मग रद्द काय करणार? डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांनी समजूत घालावी. समजूत घातलेली वीबेच्या लक्षात राहिली असती, तर डॉक्टरांकडे जायची वेळच कशाला आली असती, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

वीबे उभा जन्म याच गावचा पोलीस. फ्रीसलंड प्रांतातलं कालव्याकाठचं लहानसं गाव. चोऱ्यामाऱ्या फारशा नाहीत. त्याचा सगळा जीव सायकलींवर. दर वसंतात शाळेतल्या पोरांची रहदारीची परीक्षा असायची आणि तिच्याआधी वीबे एकेक सायकल तपासायचा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, पेडलांना पिवळे रिफ्लेक्टर, ब्रेक, घंटी. घंटी नीट वाजली नाही तर पोराला परत घरी धाडायचा, मग ते महापौरांचं का असेना. पोरांनी त्याचं नाव घंटीवाला ठेवलं होतं. ती पोरं आता बापई झाली होती, तरी दुकानात तो दिसला की तोंडाने ट्रिंग ट्रिंग करायची, आणि तोही हसायचा.

विसरण्याचा आजार वाढला तसा तो दुपारचा सायकल घेऊन निघायचा आणि कुठल्या तरी लांबच्या गोठ्यात सापडायचा. हिस्केने किल्ली लपवली, तर त्याने कुलूप करवतीने कापलं. चाकातली हवा सोडली, तर पंप मारून निघाला. मग नोव्हेंबर आला, अंधार लवकर पडायला लागला, आणि एक दिवस तो कोट काढत शेडमधून परत आला.

"दिवे नाहीत," म्हणाला. "बिनदिव्याचं जायचं नसतं."

दिवे स्वयंपाकघरात चार्ज होत पडले होते. मुलाने, रेन्सेने, आणलेले ते चिमट्याचे दिवे. हिस्के त्यांच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते आपल्या शिवणाच्या डब्यात, खाली, लोकरीच्या गुंड्यांखाली ठेवून दिले.

हा इलाज लागू पडला. वीबे रोज शेडमध्ये जायचा, सायकल तपासायचा आणि परत यायचा. त्याच्यासाठी दिवे रोज नव्याने हरवायचे. कधी तो गुडघ्यांवर बसून कोपरे चाचपायचा, आणि हिस्केही त्याच्याबरोबर शोधायचं नाटक करायची. तेवढं तिला जड जायचं. पण तो घरात असायचा, खिडकीशी बसायचा आणि तिला रात्री झोप लागायची.

त्या दिवशी ती वाटाण्याचं सूप करत होती. शेडचं दार वाजलं. आता येईल परत, म्हणून ती ढवळत राहिली. सूप दाट झालं, बाहेर काळोख झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो आलेला नाही. शेडमध्ये सायकलही नव्हती. दिवे नसले तर जायचं नसतं, हेही तो विसरला होता.

ती कोट घालत होती तेवढ्यात सीत्से दाराशी आला. वीबेनंतर गावचा पोलीस झालेला, लहानपणी वीबेच्याच तपासणीत दोनदा नापास झालेला सीत्से. त्याने टोपी हातात घेतली होती.

कालव्याकाठच्या रस्त्यावर, वळणाशी, मागून येणाऱ्या मोटारीने वीबेला उडवलं होतं. तो जागीच गेला. सायकल पार कालव्यात जाऊन पडली. मोटार चालवणारी मारित म्हणून शेजारच्या गावची तरुण बाई, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना अंघोळ घालायचं, औषधं द्यायचं काम करणारी.

"ती म्हणते सायकलला दिवेच नव्हते," सीत्से म्हणाला. "वीबे आणि बिनदिव्याचा? लहानपणी त्याच्या भीतीने मी रोज सायकलला तेल घालायचो. दिवे धडकेने उडून पाण्यात गेले असणार. खाली गाळच गाळ आहे, मिळायचे नाहीत."

हिस्केने मान हलवली. ती मान कशासाठी हलवली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सीत्सेने तो होकार समजला.

अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक झाला. जो तो तिचा हात धरून तेच बोलत होता: घंटीवाल्याने दिव्यांशिवाय बाहेर पडणं शक्यच नाही, ती बया फोनवर बोलत असणार, नाही तर भरधाव असणार. हिस्के प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती. दिवे होते म्हटलं तर वीबेची अब्रू राहत होती. नव्हते म्हटलं तर कशामुळे नव्हते, ते सांगावं लागलं असतं. रेन्से स्वोले शहरातून आला होता. तो वकील बघायच्या गोष्टी करत होता. त्याचा चेहरा इतका ओढलेला होता की त्याला सांगायचं तिने उद्यावर टाकलं, आणि मग परवावर.

मारितचं काय चाललंय ते बेकरीत कानावर यायचं. तिच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी तिला दारातूनच परतवून लावलं. तिच्यावर खटला भरायचं घाटत होतं. ऐकताना हिस्केची मान खाली जायची आणि लोकांना वाटायचं, बिचारीला नवऱ्याची आठवण आली.

डिसेंबरात एका सकाळी मारित स्वतःच आली. तिने बसायला नकार दिला, मग बसली. भांडायला आली नव्हती.

"तुम्हाला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्यांच्या सायकलला दिवे होते का? मी सगळ्यांना नव्हते म्हणून सांगितलं. पण सगळेच होते म्हणतात. आता डोळे मिटले की मलाही लाल दिवा दिसायला लागलाय. होता की काय तिथे, आणि मी पाहिलाच नाही?"

हिस्केने विचारलं, त्या वेळी नेमकं काय दिसलं?

"हात," मारित म्हणाली. "डावा हात, सरळ बाहेर काढलेला. शाळेत शिकवतात तसा. माझ्या गाडीच्या दिव्यांच्या झोतात पहिल्यांदा तो हातच दिसला. आणि लगेच ते डावीकडे वळले. पण डावीकडे तर कालवा आहे. तिथे रस्ताच नाही."

"पूल होता," हिस्के म्हणाली. "लाकडी. आमचं लग्न झालं तेव्हा आम्ही पलीकडे राहायचो. पूल पाडून खूप वर्षं झाली."

मग हिस्केने शिवणाचा डबा आणला, लोकरीचे गुंडे एकेक करून बाहेर काढले आणि दिवे टेबलावर ठेवले.

"दिवा नव्हता," ती म्हणाली. "तू बरोबर पाहिलंस. दिवे मीच काढून ठेवले होते. तो जाऊ नये म्हणून."

मारितने दिव्यांना हात लावला नाही. तिचा चेहरा आधी सैल झाला आणि मग हळूहळू बदलत गेला.

"आणि इतके दिवस तुम्ही गप्प बसलात," ती म्हणाली. "मी वेडी होत होते, आणि तुम्ही केक खात होतात."

मारित दार न लावताच निघून गेली. थंडी आत येत राहिली, तरी बराच वेळ हिस्के उठली नाही. मग तिने सीत्सेला फोन केला.

सीत्से आला, सगळं लिहून घेतलं, दिवे पिशवीत घातले. तिने कॉफी पुढे केली. तो म्हणाला, नको, घाई आहे. आजवर या घरात त्याने कॉफीला कधी नाही म्हटलं नव्हतं. जाताना एवढंच बोलला की नवऱ्याला वाचवायला केलं ते त्याला समजतं. नंतरचं समजत नाही.

मारितवरचा खटला बारगळला. पण तिने इथलं काम सोडलं आणि ती लेवार्डेन शहरात राहायला गेली. गावाने हिस्केला वाईट म्हटलं नाही. बेकरीत लोक तिला आधी पाव घेऊ द्यायचे, ती बाहेर पडेपर्यंत बोलणं थांबवायचे.

रेन्सेला तिने फोनवरच सांगितलं.

"आई," तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस. मी येऊन राहिलो असतो."

तो आला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती फक्त हो म्हणाली.

आता तो दर रविवारी फोन करतो. तिकडे पाऊस आहे का विचारतो. ती खिडकीशी जाते, बघते आणि काय असेल ते सांगते.